मांजर रोडावतंय, जेवण सोडतंय: आधी काटा, मग वाटी

मांजराचं दुखणं आपल्याला दिसतं तेव्हा ते बहुतेक वेळा जुनं झालेलं असतं. दाट केसांखाली बरगड्या लपून राहतात, रोज पाहणाऱ्या नजरेला फरक कळत नाही, आणि एक दिवस पाठीवरून हात फिरवताना मणके बोटांना लागतात. तोवर ४ किलोच्या मांजराचं अर्धा किलो वजन गेलेलं असू शकतं, म्हणजे शरीराचा आठवा भाग. ७० किलोच्या माणसाचे काही महिन्यांत जवळपास ९ किलो उतरले तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेल्याशिवाय राहणार नाहीत. मांजराच्या बाबतीत मात्र ‘वय झालं’, ‘नखरे करतंय’, ‘उन्हाळ्यामुळे असेल’ असं म्हणत आठवडे निघून जातात.

वजन ‘विनाकारण’ उतरतंय असं वाटतं ते बहुधा कोणी मोजलेलं नसतं म्हणून. घरी नीट मोजून ठेवलेले चार आकडे असले, तर डॉक्टरांना निम्मी वाट तिथेच सापडते.

थांबायचं किती?

मांजराने २४ तास काहीच खाल्लं नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. नेहमीच्या निम्म्याहून कमी खाणं सलग ३ दिवस चाललं असेल, तरी तेच. १२ आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर ८ ते १२ तासही पुष्कळ झाले. त्याची साखर फार लवकर उतरते. मधुमेही मांजराने जेवण नाकारलं तर इन्सुलिनचा पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एवढी घाई का, ते समजून घ्यायला हवं. कुत्रा किंवा माणूस दोन-चार दिवस उपाशी राहिला तर अंगातली चरबी वापरून निभावून नेतो. मांजराचं यकृत तसं बनलेलं नाही. उपासमार सुरू झाली की अंगावरची चरबी यकृताकडे धावते. तेवढी चरबी पुढे पाठवायला लागणारी प्रथिनं खाण्यातून येत नाहीत, आणि चरबी यकृताच्या पेशींतच साचत जाते. यालाच हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. तो काही दिवसांत सुरू होऊ शकतो, आणि उपचार न झाल्यास जीव जातो. सर्वांत जास्त धोका गुबगुबीत मांजराला असतो. म्हणून ‘एवढं जाड आहे, दोन दिवस नाही खाल्लं तर बिघडत नाही’ हा समज नेमका उलटा आहे. ‘भूक लागली की आपोआप खाईल’ हेही मांजराला लागू पडत नाही.

पुढचं काही दिसलं तर मोजमाप वगैरे बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा: डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या किंवा कानाची आतली त्वचा पिवळी दिसणं, तोंड उघडून श्वास घेणं, हिरड्या पांढुरक्या पडणं, एकामागून एक उलट्या, मान छातीकडे झुकून वर न उचलता येणं (हे पोटॅशियम फार उतरल्याचं लक्षण असू शकतं), बोका वारंवार लिटर बॉक्समध्ये (शी-शूच्या पेटीत) बसतोय पण लघवी होत नाही. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका. दुसरं टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलेलं असतं, आणि ओढलेला दोरा आतडं कापत जातो.

वजन कसं घ्यायचं

माणसांच्या काट्यावर मांजराला घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत इथे उपयोगाची नाही. त्या काट्याची चूक सहज १०० ते २०० ग्रॅमची असते आणि आपल्याला शोधायचा फरकही तेवढाच असतो. तान्ह्या बाळांचा काटा घ्या, १० किंवा २० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यावर खोका किंवा टोपली ठेवून काटा शून्यावर आणा आणि मांजराला आत बसू द्या. बहुतेक मांजरं खोक्यात आपण होऊन बसतात, हे सोयीचंच आहे. दर आठवड्याला एकच वार, एकच वेळ, शक्यतो खाण्याआधी. लागोपाठ तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा.

जुन्या वजनातून नवं वजा करा, उरलेल्याला जुन्या वजनाने भागा, १०० ने गुणा. ५ टक्के उतरलं असेल तर डॉक्टरांची वेळ घ्या. १० टक्के म्हणजे गंभीर. ४ किलोच्या मांजरात हे अनुक्रमे २०० आणि ४०० ग्रॅम होतात. जुनं वजन माहीत नसेल तर लसीकरणाच्या पुस्तिकेत पाहा, तिथे बहुधा नोंद असते.

काट्याबरोबर हातही वापरा. बरगड्यांवर तळहात सपाट फिरवा: पातळ थराखाली बरगड्या मोजता आल्या तर ठीक, नुसत्या हाडांसारख्या लागल्या तर मांजर बारीक आहे. मग कण्याच्या दोन्ही बाजू, खांद्याची हाडं आणि कमरेची हाडं चाचपा. इथे खळगे पडले असतील तर स्नायू झिजताहेत. पोट लोंबतं असूनही पाठीचे स्नायू गेलेले असू शकतात, म्हणून नुसतं पोट बघून ‘अजून जाडच आहे’ असं ठरवू नका.

ताटलीत किती, पोटात किती

‘खातं थोडं थोडं’ या उत्तरावरून कोणालाच काही कळत नाही. ३ ते ५ दिवस अन्न ग्रॅममध्ये मोजा: ठेवलेलं किती, उरलेलं किती. वेट फूडमध्ये एक फसगत होते. तासभर उघडं राहिलं की त्यातलं पाणी उडतं, वजन घटतं आणि मांजराने खाल्लं असं वाटतं. म्हणून वेट फूड अर्ध्या तासात उचला आणि लगेच तोला.

४ किलोच्या मांजराला नुसतं विश्रांतीत राहायला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात, ३ किलोच्याला १६० आणि ५ किलोच्याला २३५ च्या आसपास. ड्राय फूडच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे ४ किलोच्या मांजराला ५० ते ५५ ग्रॅम दाणे. वेट फूडमध्ये पाणीच जास्त, त्यामुळे तेवढ्याच कॅलरींना २०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक लागतं. नेमका आकडा पाकिटावर पाहा. दोन कंपन्यांच्या खाण्यात बराच फरक असतो.

पाणीही मोजा. सकाळी मोजून भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. शेजारी तशीच दुसरी वाटी मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवा, तिच्यातलं घटलेलं पाणी म्हणजे वाफ. ते वजा करा. वाटीतून दिवसाला किलोमागे ५० मिलीपेक्षा जास्त पाणी जात असेल, म्हणजे ४ किलोच्या मांजराला २०० मिलीहून अधिक, तर ते जास्त आहे. वेट फूडवर असलेलं मांजर याच्या पुष्कळ खाली राहतं. ते एकाएकी वाटीशी दिसू लागलं तर तीही खूणच. लिटरमधले ओले गोळे मोठे किंवा जास्त झालेत का, हेही लिहा.

घरात दोन-तीन मांजरं असतील तर वरचं सगळं प्रत्येकासाठी वेगळं हवं. आजारी मांजराच्या वाट्याचं दुसरंच खाऊन जातं आणि रिकामी ताटली बघून आपण निश्चिंत होतो. जेवायच्या वेळी खोल्यांची दारं लावा. कोणाची शी पातळ आहे ते ओळखायला दोन दिवस लिटर बॉक्सही वेगळे ठेवा.

खाऊन वाळतंय की न खाता?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. इथे तीन वाटा फुटतात.

भूक चांगली किंवा वाढलेली असून वजन उतरतंय, तर १० वर्षांच्या पुढच्या मांजरात पहिला संशय थायरॉइड वाढल्याचा. असं मांजर चळवळं होतं, रात्री ओरडतं, अधाशासारखं खातं, कधी ओकतं. घरच्यांना ते ‘म्हातारपणी तरुण झाल्यासारखं’ वाटतं, आणि म्हणूनच निदान लांबतं. भरपूर पाणी, भरपूर लघवी आणि वजनात घट असेल तर मधुमेह आठवावा. काही मांजरं मागचे पाय घोट्यापर्यंत टेकवून चालू लागतात. तिसरी शक्यता आतड्यांची: दीर्घ काळची सूज किंवा हळू वाढणारा लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग). यात शी पातळ असेलच असं नाही, कधी कधी फक्त उलट्या असतात. ‘केसांचा गोळा काढतंय’ म्हणून आठवड्याला होणारी उलटी वर्षभर सोडून दिली जाते, हे फार वेळा घडतं. पिल्लांत आणि बाहेर हिंडणाऱ्या मांजरांत जंत तपासायलाच हवेत.

भूकच मेली असेल, तर यादी लांबते: मूत्रपिंडाचा दीर्घ आजार, स्वादुपिंडाची सूज, यकृताचे आजार, ताप, ल्युकेमिया विषाणू आणि एफआयव्ही (दोन्ही प्रतिकारशक्ती खच्ची करणारे मांजरांचे विषाणू), कोवळ्या वयात एफआयपी (मांजरांच्या कोरोना विषाणूतून होणारा आजार), कर्करोग, सांधेदुखी. स्वादुपिंड सुजलेलं मांजर कुत्र्यासारखं पोट धरून बसत नाही. बऱ्याचदा ते फक्त गप्प होतं आणि खाणं सोडतं.

आणि तिसरी वाट, जी सर्वांत जास्त निसटते: खायचंय, पण खाता येत नाही. मांजर ताटलीकडे धावत येतं, हुंगतं, एखादा घास घेतं आणि मागे सरतं. डोकं तिरकं करून एकाच बाजूने चावतं, घास खाली पडतो, पंजाने तोंड घासतं, दाणे सोडून फक्त रस्सा चाटतं. हे तोंडाचं दुखणं आहे. मांजरांत दात मुळाशी विरघळत जाण्याचा आजार सर्रास आढळतो, आणि तो बऱ्याचदा भूल देऊन काढलेल्या दातांच्या एक्स-रेमध्येच कळतो. वरचा ओठ बाजूने हळूच उचलून पाहा: हिरडीची लाल रेघ, दातावर चढलेलं मांस, घाण वास, लाळ. जबडा बळेच उघडायला जाऊ नका.

मळमळ वेगळी ओळखता येते. मांजर अन्नाजवळ जाऊन ओठ चाटतं, गिळल्यासारखं करतं, लाळ गाळतं, अन्नावर माती लोटावी तसा पंजा फरशीवर ओढतं आणि निघून जातं. नाक चोंदलं असेल तर हुंगूनही वास येत नाही, आणि वासाशिवाय मांजर खात नाही. यांपैकी काय घडतं त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात भेदरलेलं मांजर यातलं काहीच दाखवत नाही.

घर बदललं, नवं मांजर आलं, खाण्याचा ब्रँड बदलला, वाटी लिटर बॉक्सजवळ सरकली, यानेही भूक जाते. पण ‘तणाव’ हे निदान तपासण्या स्वच्छ आल्यावर करायचं, त्याआधी नाही.

दवाखान्यात

वजनाची वही, खाण्याचे आणि पाण्याचे आकडे, व्हिडिओ, सगळ्या औषधांची आणि खाण्याची पाकिटं, जमल्यास १२ तासांच्या आतली शी घेऊन जा. आजारी मांजराला तपासणीसाठी स्वतःहून उपाशी ठेवू नका. गरज असेल तर डॉक्टर सांगतील.

पहिल्या फेरीत संपूर्ण रक्तगणना, यकृत-मूत्रपिंड-साखर-क्षारांची तपासणी, लघवी, सात-आठ वर्षांपुढे टी-४ (थायरॉइडच्या हार्मोनची रक्तातली पातळी) आणि रक्तदाब एवढं व्हायला हवं. लघवीची तपासणी टाळली जाते ती टाळू देऊ नका. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढतं तोवर मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. लघवी पातळ होणं त्याआधीच कळतं. नमुना सलाइन लावण्याआधी घ्यावा, नाहीतर पातळपणाचा अर्थच लागत नाही.

दोन आकडे फसवे असतात. भीतीने मांजराची साखर खूप चढते, म्हणून एका रीडिंगवर मधुमेह ठरवत नाहीत; गेल्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज देणारं फ्रुक्टोसामाइन पाहतात किंवा लघवीत साखर आहे का ते बघतात. दुसरं, थायरॉइडचा आजार सुरुवातीला असेल किंवा सोबत दुसरं दुखणं असेल तर टी-४ सामान्य येऊ शकतं. लक्षणं जुळत असतील तर काही आठवड्यांनी ते पुन्हा करावं. थायरॉइडवर उपचार सुरू झाल्यावर झाकलेला मूत्रपिंडाचा आजार उघडा पडू शकतो, म्हणून त्यानंतरही रक्त तपासत राहावं लागतं.

इथवर काहीच सापडलं नाही तर पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, विषाणूंच्या चाचण्या, बी-१२ ची पातळी आणि स्वादुपिंडाची खास चाचणी. आतड्यांचा आजार असलेल्या मांजरात बी-१२ वारंवार कमी असतं, आणि ते भरून निघेपर्यंत भूक नीट परतत नाही. सूज की लिम्फोमा, हे शेवटी आतड्याचा तुकडा तपासूनच सांगता येतं. एफआयपीचं नाव ऐकून लगेच आशा सोडू नका. पूर्वी तो जवळजवळ नेहमी जीवघेणा ठरायचा. जीएस-४४१५२४ आणि रेमडेसिव्हिर या विषाणूरोधक औषधांनी आता अनेक मांजरं बरी होतात.

खायला घालताना

घरचे उपाय निदानासोबत करायचे, निदानाऐवजी नाही.

वेट फूड अंगाच्या उबेला आणा, ३७-३८ अंशांपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसेल इतकं गरम राहतं, म्हणून ढवळून मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. उबेने वास सुटतो, आणि मांजराची भूक वासावर चालते. गोड चव तर त्याला कळतच नाही, त्यामुळे साखर-मध घालून काही साधत नाही. ताटली पसरट आणि उथळ घ्या. एका वेळी चमचाभर, दिवसातून ५-६ वेळा. १५-२० मिनिटांत खाल्लं नाही तर उचला आणि दोन-तीन तासांनी ताजं द्या. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या कोमट पाण्यात, म्हणजे सलाइनमध्ये, भिजवलेल्या कापसाने ते पुसा आणि वाफेने भरलेल्या न्हाणीघरात १०-१५ मिनिटं मांजराजवळ बसा.

आता चुका. पाच प्रकारची पाच ताटं समोर मांडू नका. मळमळणाऱ्या मांजरासमोर अन्न तसंच ठेवलं की ते त्या अन्नाचा संबंध मळमळीशी जोडतं आणि बरं झाल्यावरही ते खात नाही. याच कारणाने आवडत्या खाण्यात कडू औषध मिसळू नका. मूत्रपिंडाचं खास खाणं आवश्यक असलं तरी भूक मेलेल्या दिवसांत ते सुरू करू नका. आधी जे खातंय ते खाऊ द्या, मग १० दिवस ते काही आठवडे घेऊन हळूहळू बदला. कांदा-लसूण कुठल्याही रूपात नको, पावडरही नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात. बाळांच्या तयार मांसाहारी खाण्यात कांद्याची पावडर असू शकते, घटक वाचा. दुधाने अनेकांना जुलाब होतात. आणि माणसांचं कुठलंही वेदनाशामक देऊ नका; पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

सिरिंजने भरवणं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नका. सांगितलंच, तर डोकं सरळ ठेवा, मागे कलवू नका; सुळ्यामागच्या फटीतून एका वेळी अर्धा ते एक मिली, गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा घास. झटापट झाली की थांबा. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

भूक वाढवणारी औषधं आहेत. मिर्टाझापिन गोळीत किंवा कानाच्या आत लावायच्या मलमात मिळतं, आणि मूत्रपिंडाच्या आजारात वजन उतरणाऱ्या मांजरांसाठी कॅप्रोमोरेलिन. मलम हातमोजे घालून लावा. मिर्टाझापिन जास्त झालं तर मांजर सैरभैर होऊन ओरडत फिरतं. मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर दोन डोसांतलं अंतर वाढवावं लागतं, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मळमळ थांबवल्याशिवाय ही औषधं द्यायची म्हणजे ओकारी येणाऱ्याला जेवायला बसवण्यासारखं आहे. आधी मळमळ आणि वेदना, मग भूक.

दोन-तीन दिवसांत पुरेसं खाणं जमत नसेल तर डॉक्टर मानेतून अन्ननलिकेत फीडिंग ट्यूब घालायला सुचवतील. लोक घाबरतात ते इथे, आणि उगाच घाबरतात. थोड्या वेळाच्या भुलेत ती बसते, मांजराला फारसं दुखत नाही, ती असताना ते तोंडानेही खाऊ शकतं, आणि कडू औषधंही तिच्यातूनच जातात. रोज तोंड धरून भरवण्यापेक्षा ती कितीतरी दयाळू आहे. पातळ केलेलं कोमट अन्न सुरुवातीला किलोमागे ५ ते १० मिली, १०-१५ मिनिटं घेऊन द्यायचं. आधी आणि नंतर ५ ते १० मिली कोमट पाणी सोडायचं, नाहीतर नळी तुंबते. मानेवरची जागा रोज पाहायची: लाली, पू किंवा वास आला तर लगेच दाखवायची.

बरेच दिवस उपाशी असलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी पोटभर घालू नका. एकदम अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, पातळी कोसळते, आणि सुधारतंय असं वाटत असतानाच मांजर ढासळतं. पहिल्या दिवशी गरजेचा चौथा ते तिसरा हिस्सा, मग ३-४ दिवसांत किंवा त्याहून सावकाश पूर्ण. तीन-चार दिवसांहून अधिक काळ काहीच न खाल्लेल्या मांजराची ही सुरुवात दवाखान्यातच, रक्त तपासत व्हावी.

वजन घसरायचं थांबलं की पहिला टप्पा गाठला. ते वाढायला आणखी आठवडे लागतात, आणि चरबी आधी परतते, स्नायू उशिरा. पहिले दोन आठवडे दर २-३ दिवसांनी, मग आठवड्याला वजन करा. ट्यूब असेल तर मांजर एक-दोन आठवडे स्वतःच्या तोंडाने पुरेसं खाऊन वजन टिकवेपर्यंत ती काढू नका. नंतर महिन्यातून एकदा काट्यावर ठेवणं पुरेसं आहे; १० वर्षांपुढच्या मांजराचं रक्त आणि लघवी दर ६ महिन्यांनी तपासा आणि त्या वेळचं वजन त्याच वहीत लिहा.